केळणेचा गाळ आणि बंगालचा उपसागर : जाफराबाद परिसरातील पदव्युत्तर पर्यावरण व सागरविज्ञान संशोधनाची एक दिशा

प्रस्तावना

जालना जिल्ह्यातील जाफराबाद हे तालुक्याचे गाव केळणा व धामणा या नद्यांच्या संगमाशी वसलेले आहे. केळणेचे नाव काही कागदपत्रांत खेळणा असेही आढळते. समुद्र येथून दूर आहे. पश्चिम किनारा सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात, तर पूर्व किनारा सातशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे उपयोजित पर्यावरणशास्त्र व सागरविज्ञान या जोडविषयातील दुसऱ्या पदाशी या तालुक्याचा संबंध काय, असा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पदव्युत्तर विद्यार्थी विषय निवडताना पर्यावरणशास्त्र आपले आणि सागरविज्ञान किनाऱ्यावरच्यांचे, अशी विभागणी मनाशी करून मोकळा होतो. गोवा विद्यापीठ, दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, विशाखापट्टणम ही नावे त्याला परक्या मुलखाची वाटतात.

ही विभागणी शास्त्राच्या दृष्टीने टिकणारी नाही. जाफराबादच्या शिवारातून वाहून जाणाऱ्या मातीची सर्वांत लांबपल्ल्याची नोंद कोणत्याही तहसील कार्यालयात नाही. ती बंगालच्या उपसागराच्या तळाशी आहे. ही नोंद वाचण्याचे काम गेल्या काही दशकांत सागरवैज्ञानिकांनी केले, परंतु त्या वाचनात एक रिकामी जागा राहिली आहे आणि ती उगमाकडच्या खोऱ्यातच भरून निघू शकते. ती जागा कोणती व ती भरण्यास पदव्युत्तर पातळीवर काय करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पाणी कोणत्या समुद्राला जाते

प्रथम पाण्याची वाट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयी सुशिक्षितांतही गैरसमज आढळतो. जाफराबादच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगेचा पूर्वेकडे गेलेला भाग आहे. त्याच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस तापीच्या खोऱ्यात उतरतो आणि सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळतो. दक्षिण उतारावर पडलेला पाऊस मात्र गोदावरीचा. एकाच डोंगराच्या माथ्यावर शेजारी पडलेल्या दोन थेंबांचे समुद्र निराळे. या गोंधळात भर म्हणून दोन्ही खोऱ्यांत पूर्णा नावाची नदी आहे. तापीस मिळणारी पूर्णा वेगळी आणि जाफराबादची केळणा जिला मिळते ती, अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पूर्णा वेगळी.

ही दुसरी पूर्णा बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा या नावाने ओळखली जाते. देऊळगाव राजा तालुक्यातील खडकपूर्णा प्रकल्पात तिचे पाणी प्रथम अडते. पुढे येलदरी, त्याखाली सिद्धेश्वर, आणि परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात ती गोदावरीस मिळते. म्हणजे जाफराबादच्या पाण्याचा जायकवाडीशी काहीही संबंध येत नाही, कारण जायकवाडी या संगमाच्या बऱ्याच वर आहे. नांदेडच्या विष्णुपुरीनंतर गोदावरी तेलंगणात शिरते, मांजरा, प्राणहिता, इंद्रावती, शबरी यांचे पाणी घेते आणि आंध्र प्रदेशात दौलेश्वरमच्या बंधाऱ्यावरून त्रिभुज प्रदेशात पसरते. हा बंधारा मुळात सर आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८५२ मध्ये पूर्ण झाला. गोदावरीची एकूण लांबी १,४६५ किलोमीटर व खोऱ्याचे क्षेत्र ३,१२,८१२ चौरस किलोमीटर आहे.

या विस्तारात केळणेचा वाटा किरकोळ आहे, हे मान्य करावे लागते. पाण्याच्या बाबतीत तर गोदावरीला खरे बळ प्राणहितेपासून मिळते. मराठवाड्याचा प्रदेश अवर्षणप्रवण असून जालना जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान ६५० ते ७५० मिलिमीटरच्या दरम्यान धरले जाते. परंतु गाळाचा हिशोब पाण्याच्या हिशोबाप्रमाणे चालत नाही, आणि या विषयाचे मर्म तेथेच आहे.

समुद्रतळावरील नोंद

२००६ मध्ये भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाची पहिली मोहीम ‘जॉइडिस रिझोल्युशन’ या वेधनजहाजावरून झाली. समुद्रतळाखाली गोठलेल्या स्वरूपातील मिथेन वायूचा शोध हा तिचा हेतू. या मोहिमेत गोदावरीच्या मुखासमोर, बाराशे मीटरहून अधिक खोल पाण्यात, तळातील गाळाचा एक दंडगोलाकार नमुना काढण्यात आला. शोध इंधनाचा होता, पण हाती लागलेला हा गाळ पुढे दख्खनच्या पठाराचा इतिहास सांगणारा ठरला. शास्त्राच्या इतिहासात असे अनेकदा घडते.

या नमुन्यावरील पहिला महत्त्वाचा निबंध कामिलो पाँटन, लिव्यू जिओसान व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. झाडांच्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो. पाने कुजली तरी या मेणाचे रेणू सहजी नष्ट होत नाहीत. ते मातीबरोबर नदीत आणि नदीबरोबर समुद्रात जातात. दमट प्रदेशातील वृक्ष आणि कोरड्या, उष्ण प्रदेशातील गवते यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत भिन्न असल्याने त्यांच्या मेणातील कार्बनच्या दोन स्थिर समस्थानिकांचे प्रमाण भिन्न असते. ज्वारी, बाजरी, मका व ऊस ही पिके दुसऱ्या गटात मोडतात. गाळाच्या प्रत्येक थरातील मेणाचे हे प्रमाण मोजले म्हणजे त्या त्या काळी खोऱ्यात कोणत्या प्रकारची वनस्पती अधिक होती, याचा अंदाज बांधता येतो.

निष्कर्ष असा निघाला की सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत खोऱ्यातील कोरडवाहू वनस्पतींचे प्रमाण हळूहळू वाढत गेले आणि त्यानंतर ते टिकून राहिले. त्याच नमुन्यातील फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून गेल्या ३,००० वर्षांत, विशेषतः १,७०० वर्षांपूर्वीनंतर, उपसागराची क्षारता अधूनमधून पुष्कळ वाढल्याचे दिसले. नदीचे गोडे पाणी कमी आले की समुद्राचा पृष्ठभाग खारट होतो. म्हणजे हे अवर्षणांचे कालखंड होत.

या निष्कर्षाला भूमीवरून दुजोरा मिळतो काय, हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. जाफराबादपासून सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आसपास लोणारचे विवर आहे. त्या सरोवराचे पाणी कोणत्याही नदीला मिळत नाही. त्यामुळे त्याचा तळ हा परिसराच्या पर्जन्याचा स्वतंत्र दप्तरखाना ठरतो. जर्मन व भारतीय संशोधकांनी तेथील सुमारे दहा मीटर लांबीच्या गाळनमुन्यावरून २०१४ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार या भागात दोन दीर्घ अवर्षणकाळ होऊन गेले : एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. सागरी व भूमीवरील या दोन नोंदी वर्षावर्षांनी जुळत नाहीत, आणि तशी अपेक्षाही करू नये. एक नोंद संपूर्ण खोऱ्याची आहे, दुसरी एका विवराची. परंतु दिशा तीच आहे.

जाफराबादच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा निबंध जिओसान व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच नमुन्यात त्यांनी गाळ किती आला व तो कोठून आला, हे शोधले. ‘कोठून’ याचे उत्तर निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांनी दिले. गोदावरीचा वरचा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर आहे. खालचा भाग त्याहून कितीतरी पटींनी जुन्या ग्रॅनाइट व नाइस खडकांवर आहे. या दोन खडकांतील निओडिमियमची घडण इतकी वेगळी असते की समुद्रतळाच्या चिमूटभर गाळातही दख्खनच्या मातीची ओळख पटते.

त्यांचे अनुमान सर्वसाधारण समजुतीच्या विरुद्ध जाणारे आहे. पाऊस कमी झाला तर धूप कमी होईल, असे कोणासही वाटेल. घडले ते उलटे. मान्सून क्षीण होत गेला तशी धूप वाढली. कारण कोरडेपणामुळे झाडोरा विरळ झाला, जमीन उघडी पडली, आणि मान्सूनच्या प्रदेशात अवर्षणाच्या काळातही जो पाऊस पडतो तो जोराच्या सरींनीच पडतो. उघड्या जमिनीवर पडलेली एक जोरदार सर भिजपावसाच्या आठ दिवसांपेक्षा अधिक माती नेते, हे केळणाकाठच्या शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही. पुढे दख्खनवर शेतीचा प्रसार झाला, लोहयुगात तो अधिक वाढला, आणि मुळात वाढलेल्या धुपीत माणसाने भर घातली.

येथे भोकरदनचा उल्लेख करणे प्राप्त आहे. जाफराबादच्या वरच्या अंगाला याच केळणेच्या काठी हे प्राचीन भोगवर्धन नगर वसले होते. सांची व भारहूत येथील दानलेखांत या नगराच्या रहिवाशांचे उल्लेख येतात. १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वसाहतीचे अवशेष आणि हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी त्याचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या नगरीचे समुद्रापलीकडे संबंध होते, हे त्यातून दिसते. पण पर्यावरणाच्या अभ्यासकाने त्याबरोबर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इतके नगर पोसायला भोवती मोठ्या प्रमाणावर शेती असली पाहिजे, आणि ती याच पाणलोटात होती. समुद्रतळावरील ज्या थरांत धुपीची वाढ दिसते, त्या थरांचा आणि या वसाहतीचा काळ एकमेकांशी जुळणारा आहे.

अर्थात येथे थांबले पाहिजे. समुद्रतळावरील नमुना ‘दख्खन’ एवढेच सांगतो. केळणा, दुधना, मांजरा किंवा प्रवरा असे तो सांगत नाही, कारण या सर्वांच्या काठचा खडक एकच आहे. मेणाचा रेणू रानगवताचा की ज्वारीच्या ताटाचा, हेही त्यावरून कळत नाही. प्रस्तावनेत उल्लेखिलेली रिकामी जागा ती हीच.

अडलेला गाळ

हजारो वर्षांचा हा हिशोब विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकाएकी पालटला. आंध्र विद्यापीठातील बी. हेमा मालिनी व के. नागेश्वर राव यांनी २००४ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की राजमहेंद्रीजवळ गोदावरीतून वाहणारा निलंबित गाळ १९७१ ते १९७९ या काळात वर्षाला १५.०२ कोटी टन होता, तो १९९० ते १९९८ या काळात ५.७२ कोटी टनांवर आला. त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याची धूप त्यांनी याच घटीशी जोडली. पावसात तशी घट नव्हती. गाळ वरच्या धरणांत अडत होता.

याचा अर्थ असा की एकच माती दोन ठिकाणी नुकसान करते. जाफराबादच्या शेतातून ती गेली, हे पहिले नुकसान. ती खडकपूर्णा किंवा येलदरीत साचून धरणाची साठवणक्षमता कमी करते, हेही त्याच नुकसानीचे पुढचे पाऊल. आणि जेथे तिची युगानुयुगे वाट पाहिली जात होती त्या किनाऱ्यावर ती पोहोचतच नाही, हे दुसरे. काकिनाड्याजवळील कोरिंगाच्या खारफुटीचा पाया ज्या चिखलावर उभा आहे, त्यात दख्खनच्या काळ्या मातीतील स्मेक्टाइट खनिज विपुल आहे. ही तीच चिकणमाती, जी उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात बैलाच्या खुराला धरून बसते.

महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली. तिच्यामागे पहिल्या नुकसानीची जाणीव आहे. जालना तालुक्यातील कडवंची येथील पाणलोट क्षेत्र विकासाचे काम त्याआधीचे व अधिक मूलगामी आहे, कारण तेथे माती मुळात शेतातून जाऊच नये यावर भर होता. दुसऱ्या नुकसानीची चर्चा मात्र मराठवाड्यात जवळजवळ होत नाही. ती होण्यासारखी आहे. शेतातील माती राखणे निर्विवाद हिताचे आहे, पण नदीपात्रातून जाणारा नैसर्गिक गाळ किती असावा, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर केवळ वरच्या किंवा केवळ खालच्या टोकाकडे पाहून देता येणार नाही.

गाळाबरोबर आणखी एक गोष्ट खोल समुद्रात जाते, ती म्हणजे कार्बन. बंगालच्या उपसागरात १९८७ पासून भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनी खोल पाण्यात गाळ पकडणारी नरसाळ्यासारखी साधने सोडून ठेवली. त्यावर आधारित, व्ही. इट्टेकोट, आर. आर. नायर आदींचा निबंध १९९१ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. नद्यांना पूर येतो त्या काळात समुद्राच्या पृष्ठभागावरील जैव द्रव्य अधिक वेगाने तळाशी जाते, असे त्यात दिसून आले. नदीने आणलेले खनिज कण त्या जैव द्रव्याला जडपणा देतात. धान्याच्या पोत्यात खडा पडावा तसे हे नाही. विहिरीत सोडलेल्या पोहऱ्याला वजन बांधावे तसे आहे. वजन नसेल तर पोहरा पाण्यावर तरंगत राहतो, भरत नाही.

उपसागराकडून परत येणारे पाणी

संबंध एकेरी नाही. गोदावरी, महानदी, गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती यांचे गोडे पाणी उपसागराच्या खाऱ्या पाण्यावर थरासारखे पसरते. गोडे पाणी हलके असल्याने ते खालच्या पाण्यात सहज मिसळत नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. एस. सी. शेणॉय, डी. शंकर व सतीश शेट्ये यांनी २००२ मध्ये अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांच्या पृष्ठभागाच्या उष्णतेचा हिशोब तुलनेने मांडला. मान्सूनच्या जोरदार वाऱ्यांनी अरबी समुद्र घुसळला जाऊन थंड होतो, उपसागर मात्र या गोड्या थरामुळे तापलेलाच राहतो. तेथील पृष्ठभागाचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या वर टिकते आणि म्हणून तेथे पाऊस देणारे ढग व कमी दाबाची क्षेत्रे वारंवार निर्माण होतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मराठवाड्यातील शेतकरी ऑगस्टच्या ताणात आकाशाकडे पाहत ‘उपसागरात कमी दाबाचा पट्टा’ ही बातमी ऐकतो, तेव्हा तो या हिशोबाचीच एक ओळ ऐकत असतो. त्या हिशोबात जमेच्या बाजूला केळणेचेही काही घागरी पाणी आहे.

लघुशोधप्रबंधांची प्रचलित रीत

आता मुद्दा प्रत्यक्ष संशोधनाचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार रचलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत संशोधन प्रकल्पाला स्थान मिळाले आहे, त्यामुळे असे प्रकल्प करणाऱ्यांची संख्या वाढती आहे. पर्यावरणशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांतून जलाशयांवर होणारे लघुशोधप्रबंध पाहिले असता त्यांचा एक ठरीव साचा दिसतो. एखादा तलाव वा बंधारा निवडावा. दर महिन्याच्या ठरावीक तारखेस सकाळी पाण्याचा नमुना घ्यावा. सामू, तापमान, विद्युतवाहकता, विद्राव्य ऑक्सिजन, एकूण काठिण्य, क्लोराइड, नायट्रेट, फॉस्फेट यांचे मापन करावे. बारा महिन्यांचा तक्ता मांडावा, मानकांशी तुलना करावी आणि पाणी पिण्यास योग्य वा अयोग्य असा निर्णय द्यावा.

या कष्टांना कमी लेखण्याचे कारण नाही. मापनाची शिस्त त्यातून लागते. परंतु त्यात प्रश्न नसतो, ही मोठी उणीव आहे. हे मापन कोणत्या शंकेचे उत्तर शोधते, हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. आणि अधिक गंभीर गोष्ट अशी की महिन्याच्या ठरावीक तारखेचा नियम मराठवाड्यातील नद्यांना लागूच पडत नाही. केळणेसारखी नदी वर्षाचे बरेच महिने डबक्यांच्या रूपात असते. तिचे वर्षाचे बहुतेक काम, म्हणजे गाळ, खते व सेंद्रिय द्रव्य वाहून नेणे, पावसाळ्यातील मोजक्या दिवसांत, किंबहुना मोजक्या तासांत उरकते. दर महिन्याच्या पाच तारखेस गेलेल्या विद्यार्थ्याला हे तास जवळजवळ कधीच भेटत नाहीत. त्याच्या तक्त्यात बारा आकडे असतात, पण नदी नसते.

दुसरी उणीव विद्राव्य सिलिकाची. बेसॉल्ट झिजून पाण्यात सिलिका उतरते आणि समुद्रातील डायाटम या सूक्ष्म वनस्पती तिच्यावर आपली कवचे घडवतात. सागरी अन्नसाखळीत डायाटमचे स्थान मोठे आहे. धरणांच्या साठ्यात सिलिकेचा काही भाग वापरला जाऊन तळाशी बसतो, तर शेतातील नत्र पुढे जात राहते. सिलिका व नत्र यांचे परस्पर प्रमाण बदलले की मुखाजवळच्या समुद्रात डायाटमऐवजी इतर प्रकारच्या वनस्पतींना वाव मिळतो. सागरवैज्ञानिकाला नदीकडून जे आकडे हवे असतात त्यांत सिलिकेचा क्रम वरचा लागतो. आपल्याकडील तक्त्यांत बहुधा ती नसते, कारण पिण्याच्या पाण्याच्या कसोटीत तिला महत्त्व नाही. वास्तविक मॉलिब्डेटच्या साहाय्याने रंग आणून साध्या कलरीमीटरवर ती मोजता येते. काळजी एवढीच की नमुना काचेच्या बाटलीत घेऊ नये, प्लास्टिकच्या घ्यावा, कारण काचच मुळात सिलिकेची.

पुराच्या दिवसाचे मोजमाप

पुरात माती किती जाते, हे शोधण्यास लागणारी साधने कोणत्याही महाविद्यालयात असतात. पुलावरून दोरीला बांधलेली वजनदार बाटली सोडून पाणी घ्यावे. पुराच्या पाण्यात उतरण्याचा मोह कोणत्याही परिस्थितीत टाळावा. मार्गदर्शकाने ही अट लेखी घालावी. घेतलेल्या पाण्याचे आकारमान मोजून ते आधी वजन केलेल्या गाळणपत्रातून गाळावे, पत्र १०५ अंश सेल्सिअसला वाळवावे आणि पुन्हा वजन करावे. फरक म्हणजे गाळ. पात्राचा छेद उन्हाळ्यातच दोरी व काठीने मोजून ठेवावा, म्हणजे पुराच्या वेळी पुलाच्या खांबावरील खुणेवरून पाण्याची खोली कळली की छेदाचे क्षेत्रफळ निघते. वेगासाठी वरच्या अंगाला टाकलेला नारळ किंवा लाकडाचा तुकडा मोजलेले अंतर किती सेकंदांत काटतो, ते पाहावे. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असल्याने त्याला ०.८५ ने गुणण्याचा प्रघात आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पात्राची रुंदी ४० मीटर, सरासरी खोली दीड मीटर, म्हणजे छेद ६० चौरस मीटर. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला २ मीटर, म्हणजे सरासरी १.७ मीटर. विसर्ग सेकंदाला १०२ घनमीटर झाला. लिटरमागे ३ ग्रॅम गाळ निघाला, तर घनमीटरमागे ३ किलो. एका सेकंदात ३०६ किलो आणि एका तासात सुमारे १,१०० टन माती त्या पुलाखालून गेली. तीन टनांची एक ट्रॉली धरली तर तासाला साडेतीनशेहून अधिक ट्रॉल्या. उन्हाळ्यात धरणातून गाळ भरताना ट्रॉल्यांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

मोजणी पूर चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा करावी. समान पातळीला चढत्या पुरातील पाणी सामान्यतः अधिक गढूळ असते, कारण शेतातील सुटी माती पहिल्या लोंढ्यात येते. उतरत्या पुरातच नमुने घेतले तर हिशोब कमी भरतो. संगमाच्या वर केळणेवर एक व धामणेवर एक, असे दोन स्वतंत्र थांबे ठेवल्यास कोणत्या पाणलोटातून अधिक माती येते, हेही कळू शकते. बांधबंदिस्तीचा पैसा कोठे आधी खर्च करावा, हा प्रश्न मग अंदाजावर सोडावा लागत नाही. मका, कापूस व सोयाबीन यांच्या पेरणीनंतर जमीन उघडी असते ते पहिले पाच-सहा आठवडे आणि पीक झाकोळल्यानंतरचे आठवडे, यांची तुलना हा एका विद्यार्थ्याच्या दोन सत्रांत बसणारा विषय आहे.

अडचण साधनांची नाही, वेळेची आहे. पूर रात्री येतो. त्या रात्री पुलावर कोण असेल, हे प्रयोगशाळेच्या वेळापत्रकात लिहिलेले नसते. बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्याला ते शक्य नाही. संगमाजवळ राहणाऱ्याला आहे. किनाऱ्यावरील कोणत्याही संस्थेला हा लाभ नाही. जाफराबादच्या विद्यार्थ्याला तो घरबसल्या मिळालेला आहे.

गाळण झाल्यावर ते गाळणपत्र फेकून देण्याची सवय सर्वत्र आहे. वजन घेतले, आकडा लिहिला, काम झाले. तसे करू नये. वाळलेले प्रत्येक पत्र तारीख, वेळ, थांबा, पाण्याची पातळी व गाळलेल्या पाण्याचे आकारमान लिहून पाकिटात बंद करावे आणि कोरड्या जागी विभागातच ठेवावे. त्यासोबत पुरानंतर काठावर बसलेल्या गाळाचा मूठभर नमुनाही ठेवावा. समस्थानिकांचे मापन महाविद्यालयात होऊ शकत नाही, पण ज्या संस्थांत ते होते त्यांना मूळ खोऱ्यातील, तारखेसह राखलेला गाळ सहज मिळत नाही. लागोपाठच्या पाच तुकड्यांनी एवढे केले तर केळणेच्या पाच पावसाळ्यांचा गाळ एका कपाटाच्या एका खणात मावतो.